फुलांचे फोटो 'शुभ सकाळ'च्या पलीकडे कसे न्यायचे?

बाल्कनीतली जास्वंद

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी डोंबिवलीला राहते. बाल्कनीत जास्वंद, गोकर्ण, अनंत, कुंडीतलं ब्रह्मकमळ आणि दर पावसाळ्यात न लावता उगवणारा तेरडा. दिरांचा वापरलेला डीएसएलआर माझ्याकडे आलाय, २४ मेगापिक्सेलचा, सोबत १८-५५ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती. फोटो बरे येतात. फोकस नीट असतो, मागचं धूसर होतं, सकाळच्या उन्हात पाकळ्या चमकतात. पण मध्यंतरी माझ्याच जास्वंदीचा फोटो, त्यावर 'सुप्रभात' आणि खाली एक सुविचार चिकटवलेला, नणंदेच्या ग्रुपवरून फिरून मलाच आला! तेव्हापासून माझे सगळेच फोटो मला तसे दिसायला लागलेत.

आमच्या इथल्या हौशी चित्रकारांचं दिवाळीआधी छोटं प्रदर्शन आहे. त्यात मला चार फोटो लावायला सांगितलेत, १२ बाय १८ इंचांचे. त्यांच्यातल्या एक बाई फोटो बघून म्हणाल्या, "गोड आहेत गं, पण भिंतीपेक्षा कॅलेंडरवर शोभतील." राग आला, पण खोटं काही बोलल्या नाहीत. तर फाइन आर्ट म्हणतात तो फुलाचा फोटो नेमका कुठे वेगळा पडतो? मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून मोठं टिपणारी, नसेल तर जमणारच नाही का? आणि कृष्णधवल केलं की कला, असं काही असतं का?

लेन्सवेडा

९० किंवा १०० एमएमची मॅक्रो घ्या, वापरलेली मिळाली तरी चालेल. किट लेन्सवर वेळ घालवू नका. माझ्याकडे आल्यापासून मी मुंग्यांच्या मिशा मोजतोय.

बाल्कनीतली जास्वंद

मुंग्यांच्या मिशा भिंतीवर लावायच्या नाहीयेत हो :) शिवाय मॅक्रोचं नाव काढलं तर घरात मिशा दुसऱ्याच कुणाच्या तरी फेंदारतील.

मिरजेचा फोटोवाला

ताई, लेन्स घेऊ नका. निदान आत्ता तरी नको.

माझा मिरजेत स्टुडिओ होता. पासपोर्ट, बारशी, लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो. आता त्या जागी मोबाइलचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी मागच्या खोलीत झाडपाला घेऊन बसायचो, तो नाद अजून आहे. त्या जोरावर चार शब्द बोलतो, पटलं तर घ्या.

तुमचे फोटो मी पाहिलेले नाहीत. पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यात जे जे चांगलं आहे ते जास्वंदीचं आहे. रंग तिचा, चमक उन्हाची, धूसरपणा लेन्सचा. तुमचं त्यात काय? बघणारा म्हणतो 'काय सुंदर फूल!' आणि पुढे जातो. 'हे असं असतं होय?' म्हणून तो थांबायला हवा. त्यासाठी तीन गोष्टी तुम्ही ठरवायच्या: उजेड कुठून येईल, मागे काय असेल आणि फुलातलं काय दाखवायचं नाही. तिसरी सगळ्यात अवघड, कारण आपल्याला सगळंच दाखवावंसं वाटतं.

कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे एक जर्मन गृहस्थ होते, १८६५चा जन्म. तरुणपणी ओतीव लोखंडाच्या कारखान्यात उमेदवारी केली, नंतर बर्लिनच्या कलाशाळेत शिकवायला लागले. आपल्याकडे एलिमेंटरीला संकल्पचित्राचा पेपर असतो ना, पानाफुलांपासून नक्षी करायची, तसला त्यांचा विषय. मुलांना पानाचं वळण, कळीची गाठ मोठी करून दाखवता यावी म्हणून घरी बनवलेल्या कॅमेऱ्यावर झाडं टिपायचे, काही तर तीसपट मोठी. झाडंही कसली, तर रस्त्याकडेची, रेल्वेच्या बांधावरची, ज्यांना कुणी फुलदाणीत ठेवणार नाही अशी. मागे साधा करडा किंवा पांढरा कागद. फांदीवरची नको असलेली पानं सरळ कापून टाकायचे. हे काम त्यांनी तीसेक वर्षं केलं, आणि १९२८ साली पुस्तक निघालं तेव्हा कुठे जगाला कळलं. वय झालं होतं ६३. त्यांच्या नेच्याच्या गुंडाळलेल्या कोंबाचा फोटो शोधून बघा. बिशपच्या हातातल्या दंडासारखा दिसतो, पण फोटोत कसली करामत नाही. एक मऊ उजेड, एक कागद, एक कोंब.

आता तुमच्या घरी. असल्या कामाला उत्तरेची खिडकी, असं सगळीकडे लिहिलेलं असतं, कारण तिथून थेट ऊन येत नाही. बर्लिनला दुपारच्या वेळी ते वर्षभर खरं आहे. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस झाला की सूर्य उत्तरेला सरकतो, तो जुलैअखेरपर्यंत तिकडेच. दुपारी छज्जा वाचवतो, पण सकाळी आणि संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतही तिरपं ऊन घुसतं. तेव्हा दिशेचं पुस्तकी ज्ञान सोडा. कोणतीही खिडकी चालेल, ऊन येत असेल तर तिला बटर पेपर लावा. आणि पावसाळी ढगाळ दिवस असेल तर काहीच लावू नका, आभाळानेच तुमच्यासाठी पडदा लावलाय.

टेबल खिडकीला आडवं लावा, म्हणजे उजेड फुलाच्या बाजूने येईल. समोरून आला तर फूल सपाट होतं, हे पासपोर्ट फोटो काढणाऱ्याला विचारा! मागे काळा कार्डशीट किंवा मखमल, पण फुलाला चिकटून नको, तीन-चार फूट मागे आणि शक्यतो उजेडाबाहेर. खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्मोकोलचा तुकडा धरून बघा, सावलीत गेलेल्या पाकळ्या परत दिसायला लागतील. मग तो काढा आणि त्या जागी काळा कागद धरा, कडा धारदार होईल. ही दोन टाकाऊ पुठ्ठ्यांची मौज तासभर केलीत की मॅक्रोचं नाव तुम्हीच काढणार नाही.

फूल कोणतं? जास्वंद राहू द्या. रुईचं आणा. रस्त्याकडेला, पडक्या भिंतीशी, कुठेही मिळेल. शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ घालतात, पण फुलाकडे कुणी वाकून बघत नाही. पाच पाकळ्या, मेणाच्या असाव्यात अशा जाड, खाली वळलेल्या. मधोमध पाच कोनांचा एक मुकुट उभा, प्रत्येक कोन बाहेरून फुगीर आणि खाली शेपटासारखा वर वळलेला, माथ्यावर चपटी पंचकोनी टिकली. जांभळट रंग इतका फिका की काळ्या पार्श्वभूमीवर तो रंग राहतच नाही, नुसता आकार उरतो. देवळाचा कळस कापून ठेवलाय असं वाटतं. मी हे फूल अगदी बरोबर वरून आणि अगदी बरोबर बाजूने, असं दोनच दिशांनी टिपतो. पाऊण कोनातून घेतलं की परत 'सुंदर फूल' होतं. एक सावधगिरी: देठ तोडला की चीक गळतो. तो डोळ्यात गेला तर फार वाईट. हात धुवेपर्यंत डोळे चोळायचे नाहीत, आणि घरात लहान मूल असेल तर फुलं वर ठेवा. देठाचं तोंड ओल्या कापसात गुंडाळलं की मखमलीवर पांढरे डाग पडत नाहीत.

कॅमेरा तिपाईवर, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ११. एफ २२पर्यंत जाऊ नका, सगळं फोकसमध्ये येईल पण सगळंच किंचित मऊ पडेल. शटर कितीही संथ होऊ दे, एक सेकंद, दोन सेकंद, फूल कुठे पळून जात नाही. दोन सेकंदांचा टायमर लावा आणि पंखा बंद करा. हे शेवटचं लोक विसरतात आणि मग लेन्सला नावं ठेवतात.

तुमची किट लेन्स ५५वर ठेवून फुटाच्या आत गेलात की साधारण सहा-सात सेंटीमीटरचा भाग चौकट भरतो. रुईचा अख्खा घोस त्यात मावतो. एकच फूल भरून हवं असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब लावा. आत काच नसलेली पोकळ नळी असते ती, मॅक्रोच्या मानाने किरकोळ पैशांत येते.

आणि घरात अडकलोय म्हणून हळहळू नका. इमोजेन कनिंगहॅम या अमेरिकन बाईंचा १९२५चा मॅग्नोलियाचा फोटो आज जगभरच्या संग्रहांत आहे. तीन मुलगे लहान, बाहेर पडायची सोय नाही, म्हणून त्यांनी घरच्या बागेतलंच टिपायला घेतलं होतं. पाकळ्या चौकटीबाहेर गेल्यात, मधला केसरांचा शेंडा तेवढा उभा. फूल पूर्ण दिसलंच पाहिजे ही सक्ती त्यांनी कधीच काढून टाकली होती.

बाल्कनीतली जास्वंद

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. पुठ्ठ्यांचा प्रयोग आजच केला. थर्मोकोल काढून काळा कागद धरल्यावर अनंताच्या कडा अशा उठून आल्या की मीच मागे वळून पुठ्ठा बघितला. रुई उद्या आणते, स्टेशनच्या रस्त्यावर आहे.

पण जास्वंद सोडवत नाही. तिचा लाल रंग फोटोत एकसंध गोळा होतो. पाकळीवरच्या शिरा डोळ्यांना दिसतात, फोटोत नाहीत. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, तर ठीक दिसतो.

मिरजेचा फोटोवाला

तो हिस्टोग्राम तिन्ही रंगांची सरासरी सांगतो. कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा हिस्टोग्राम असतो, तो लावा. लालची रेघ उजव्या भिंतीला जाऊन आपटलेली दिसेल. ती भिंतीपासून सुटेपर्यंत एक्स्पोजर कमी करा, एक स्टॉपही, म्हणजे उजेड निम्म्यावर, कमी करावं लागेल. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, मागचं नंतर उजळता येतं. आणि जास्वंद थेट उन्हात कधीच नको.

कृष्णधवलचं विचारलं होतंत. नुसतं बटण दाबून रंग काढलात तर लाल फूल आणि हिरवं पान एकाच करड्या रंगात विरघळतात. सॉफ्टवेअरमध्ये रंगांचे सरकते दांडे असतात. लाल वर नेलात की पाकळ्या चांदीसारख्या, पानं काळपट. लाल खाली आणलात की पाकळ्याच काळ्या. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, तिच्यावर जास्वंद अशीच काळी यायची. मला ती काळी जास्वंद आवडते, पण माझ्या बायकोला ती जळालेली वाटते. तुम्ही दोन्ही करून बघा.

रंगीला रे

मला हे कृष्णधवलचं स्तोम कळत नाही. पळसातून रंग काढला तर राहिलं काय, बाभळीचं लाकूड? फुलाने एवढा खटाटोप रंगासाठी केलाय आणि तुम्ही तोच पुसणार. मग म्हणे कला.

मिरजेचा फोटोवाला

पळसाबद्दल तुमच्याशी वाद नाही. पळस रंगीतच. रंग हाच विषय असेल तर रंग ठेवायचा, रंग आकाराच्या आड येत असेल तर काढायचा, यापलीकडे त्यात धर्म नाही. अर्व्हिंग पेन यांचे ट्युलिप आणि खसखशीच्या फुलांचे फोटो रंगीतच आहेत, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. आणि त्यांनी ताज्या टवटवीत फुलांचा हट्ट धरला नाही. कडा तपकिरी झालेली, पाकळी गळायला आलेली फुलं मुद्दाम घेतली. ताई, हे तुमच्या ब्रह्मकमळालाही लावून बघा. रात्री उमललेलं सगळ्या महाराष्ट्राने टिपलंय, शेजाऱ्यांना बोलावून. सकाळी ते मान टाकून लोंबतं तेव्हा त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्या लोंबत्या देठाचं वळण फार देखणं असतं.

पण रंगीत करायचं तर मागचा रंगही ठरवून घ्या. हिरवीगार पानं मागे ठेवून लाल फूल, हेच तर तुमच्या त्या 'सुप्रभात'चं सूत्र आहे.

रानवाटा

वनस्पतीशास्त्र शिकवतो, म्हणून मध्येच तोंड घालतोय. काकांनी रस्त्याकडेची रुई सुचवली ते उत्तम. हे वाचून कुणी काळा कागद आणि कात्री घेऊन कासला जाऊ नये एवढंच सांगायचंय. कासचं पठार २०१२पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आहे, पण त्या फुलांना त्याचा उपयोग नाही. जांभ्यावर मातीचा थर बोटभर, त्यात ती उभी. सीतेची आसवे जवळून टिपायला लोक पोटावर झोपतात, आणि एका फुलाच्या फोटोत शंभर रोपं त्यांच्या शर्टाखाली जातात. वर ग्लिसरीनचे खोटे दवबिंदू मारतात. ज्या पठारावर खरं दवबिंदू नावाचं कीटकभक्षी झाड आहे तिथे!

रानात काही तोडायची गरजच नाही. साधी काळी छत्री न्या. उघडून फुलाच्या मागे दोन-तीन फुटांवर पायवाटेवरच धरा, काळी पार्श्वभूमी तयार. डोक्यावर धरली तर ऊन मऊ. वाटेवर उभं राहून जे मिळेल ते टिपायचं. कापून घरी न्यायचंच असेल तर कुर्डू, आघाडा, टाकळा खुशाल न्या. टाकळ्याच्या वाकड्या शेंगा आणि आघाड्याचा खाली मान घातलेल्या काट्यांचा तुरा काळ्या पार्श्वभूमीवर फार छान दिसतात, आणि त्यांच्या जाण्याने कुणाचं काही अडत नाही.

निळाई

कॅमेऱ्याशिवायही एक रस्ता आहे, चारातला एक फोटो त्याने करून बघा. सायनोटाइप, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने उठवलेलं निळं चित्र. जॉन हर्शेल यांनी ही पद्धत १८४२ साली शोधली आणि पुढच्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्स या इंग्रज बाईंनी तिच्यावर समुद्रशेवाळांची अख्खी नोंद करायला घेतली. निळ्या कागदावर पांढरं शेवाळ, अक्षरंही तशीच. फोटो छापलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून तिचंच नाव घेतात.

कृती सोपी आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलि पाण्यात, पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलि पाण्यात, दोन्ही वेगवेगळ्या गडद बाटल्यांत. वापरायच्या वेळी समसमान घ्या, मंद पिवळ्या दिव्यात जाड चित्रकलेच्या कागदावर ब्रशने लावा, अंधारात वाळवा. वर नेचा किंवा शेवग्याची डहाळी ठेवून काच दाबा आणि उन्हात. कागद हिरवटाचा राखाडी-कांस्य झाला की उचलून साध्या पाण्याने पिवळेपणा जाईपर्यंत धुवा. निळा रंग दुसऱ्या दिवशी आणखी गडद होतो. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, आणि फेरीसायनाइडची कुठल्याही आम्लाशी, म्हणजे टॉयलेट क्लीनरशीसुद्धा, गाठ पडू देऊ नका. तयार चित्राला साबण आणि धुण्याचा सोडा वर्ज्य, निळा उडतो. सध्याच्या दमट हवेत कागद नीट वाळत नाही. ऑक्टोबरचं ऊन या कामाला नामी.

डहाळी आधी जाड पुस्तकात दाबून चपटी करतात सगळे. मी करत नाही. एखादं पान कागदापासून थोडं उचललेलं राहिलं की त्याची कड धूसर निळी येते, आणि सगळी गंमत त्या धूसर कडेत असते.

बाल्कनीतली जास्वंद

निळाई, हे नक्की करणार, माहेरी गच्ची आहे. तोवर अपडेट: रुई बरोबर वरून टिपली. मुलगा विचारतोय, हे काय आहे, मशीनचा पार्ट? मला वाटतं जमलं.

आता शेवटचं. छापायचं कुठल्या कागदावर? इथला लॅबवाला चकचकीतच देतो. आणि २४ मेगापिक्सेल १२ बाय १८ला पुरतील ना?

मिरजेचा फोटोवाला

मशीनचा पार्ट! मुलाला माझ्यातर्फे चॉकलेट द्या.

पुरतील. तुमची फाइल ६००० बाय ४००० ठिपक्यांची असणार. इंचाला ३०० धरले तरी १८ इंचांना ५४०० लागतात. फक्त कापाकापी फार करू नका, चौकट काढतानाच ठरवा.

चकचकीत नको, हॉलच्या ट्यूबलाइटा त्यात दिसतील आणि लोक तुमच्या रुईत स्वतःची केशरचना बघतील. पिगमेंट शाईचा इंकजेट आणि सुती मॅट कागद, असं सांगणारा प्रिंटर ठाण्या-मुंबईत मिळेल. मॅटवर काळा रंग स्क्रीनइतका खोल येत नाही, आणि काळोखातले बारीक फरक बुजतात. तेव्हा सावल्या थोड्या उजळून फाइल द्या, आणि आधी फुलाच्या मधल्या भागाचा एक छोटा तुकडा छापून मागा. तो घरी आणून दिवसा खिडकीशी आणि रात्री दिव्याखाली, दोन्हीकडे बघा. त्या तुकड्याचे पैसे वाचवू नका, चार मोठे कागद वाया घालवण्यापेक्षा स्वस्त पडतो.

मी तुमच्या जागी असतो तर १२ बाय १८च्या कागदावर चित्र ८ बाय १२चंच छापलं असतं, भोवती पांढरी जागा सोडून. एवढ्याशा फुलाला मोकळी जागा लागते, आणि बघणारा दोन पावलं जवळ येतो. तेवढं बॉर्डरचं मात्र लेखी द्या, तोंडी नाही. नाहीतर प्रिंटरवाला कागद वाया जातोय म्हणून भलेपणाने फोटो ताणून कागदभर करून देईल.